जन्मतारीख

रिपोर्ट तो माझ्याकडे वाचायला आणतो,
खोलीत इंग्रजी मलाच येतं,
म्हणजे स्टोअरपुरतं :
नट, बोल्ट, वॉशर, किती आले, किती गेले.
लिम्फोमा कुठल्या कप्प्यात ठेवायचा
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

एकोणीस वर्षं सोहार बंदरावर
यासीन परकार क्रेन चालवतो.
चाळीस मीटर वर, काचेच्या खोक्यात,
खाली माणसं चिमटीत मावतील एवढी.
मानेतली गाठ आधी कळली
हेल्मेटच्या पट्ट्याला.
शाबानमध्ये सुपारी होती,
रमजान सरताना लिंबू.

मस्कतला डॉक्टर शमसाने
कागदावर पाच रेघा ओढल्या.
हा हजारो माणसांवरून काढलेला अंदाज, ती म्हणाली,
त्यातलं एकही माणूस तुम्ही नव्हता, तेवढं ध्यानात ठेवा.

वय साठीच्या वर आहे का.
रक्तात एल-डी-एच वाढलंय का.
आजार छाती ओलांडून पोटात उतरलाय का.
गाठींबाहेर किती ठिकाणी बिऱ्हाड केलंय.
आणि माणूस दिवसाचा किती वेळ अंथरुणात असतो.

शेवटच्या प्रश्नाला यासीन हसला.
पहाटे निघताना बाराजणांची आमटी
त्यानेच फोडणीला टाकली होती.
तिथे शून्य.
गाठींबाहेर एकच जागा, जठर. शून्य.
पोटातल्या गाठी : एक.
एल-डी-एच सहाशे बारा : एक.
वय, पासपोर्टप्रमाणे एकसष्ट : एक.
तीन, ती म्हणाली, आणि पेनला टोपण लावलं.

मी तीनचं मराठी जुळवत होतो
तेवढ्यात तो म्हणाला,
"शेट्ये, तिला सांग, माजा वय सत्तावन हाय."

सतरा वर्षांच्या पोराला कोण व्हिसा देणार?
भेंडीबाजारातल्या एजंटने
चार वर्षं चढवली त्याच्या अंगावर,
शर्ट मापाला मोठा घ्यावा तशी,
आणि तारीख टाकली एक जानेवारी.
आमच्या खोलीत चौघे एक जानेवारीचे.
दरवर्षी एकच केक आणतो, स्वस्तात पडतं.

माझ्या रजिस्टरात याला नाव आहे :
कागदावर जास्त, फडताळात कमी. तूट.
पण ही तूट कुणाच्या बाजूने लिहायची?

डॉक्टरने टोपण काढलं.
तीनवर काट मारून दोन केले.
शरीराला पासपोर्ट वाचता येत नाही, ती म्हणाली.
संगणकाला येत होता,
त्याने एकसष्टच ठेवले,
आणि कंपनीच्या विम्यानेही.

दर एकवीस दिवसांनी सोहारहून बस.
लाल औषध थेंबाथेंबाने,
मग दोन दिवस लघवी लाल,
तोंडाला पितळेची चव.
बस पकडणं हा त्या पाचांत नाही.
फोरमन अब्बासने हजेरीत न लावलेला खाडा नाही,
एकशे एकोणीस रियाल वर्गणी नाही,
आणि ती देताना दोघांनी मान वळवली, तेही नाही.

तिसऱ्या फेरीनंतर गाठ पुन्हा सुपारी.
स्कॅनचा निकाल गुरुवारी आहे.

परवा रात्री उठून बसला.
"खरी तारीख कळाया होवी," म्हणाला.
आई जाऊन नऊ वर्षं झाली.
खाडीपट्टीतल्या मावशीला फोन लावला.
मावशी म्हणाली, बाबा, तारीख कोणाला म्हायती,
त्या रात्री खाडीचं पाणी
मशिदीच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं.

बंदरावरचा पायलट थॉमस भरती-ओहोटीतला माणूस.
त्याने जुन्या अमावास्या-पौर्णिमांवरून हिशेब मांडला,
एवढं उधाण त्या पावसाळ्यात
दोनच रात्री येऊ शकतं :
चौदा ऑगस्ट, किंवा एकोणतीस.

यासीनने दोन्ही तारखा
गोळ्यांच्या डबीवर आतून लिहिल्या,
बॉलपेन प्लास्टिकवर उमटेना
म्हणून दोनदा गिरवून.
"कंची धरायची?" मला विचारलं.
मी म्हटलं, गुरुवार होऊ दे.
तो म्हणाला, गुरुवारचा काय संबंध,
आणि कांदा चिरायला घेतला.